गोफणीतून कांदा जाईल का? गुंड्यांची चाचणी घ्यायची रीत

हुरड्याच्या दिवसांत पुतण्या राखणीच्या माळ्यावर येऊन बसला आणि थोड्या वेळानं म्हणाला, "काका, गोफणीतनं कांदा जाईल का?" शेजारी गोलटी कांद्याची अर्धी पाटी पडली होती. मी "जाईल की" म्हणालो आणि टाकून दाखवला. गेला, पण कुठं गेला ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. साल हवेत सुटली, कांदा उजवीकडं वळला आणि बांधापलीकडच्या तुरीत गडप झाला. त्या एका फेकीवरून कांद्याबद्दल काही सांगता येत नव्हतं. माझा हात चुकला होता की कांदाच वाकडा होता? मग दोन हिवाळे आम्ही हाच उद्योग केला. हाताला लागेल ती वस्तू गोफणीत घालून बघायची, पण मोजून, नोंद ठेवून. त्यातून बसलेली रीत इथं देतो आहे.

आमचं रान मंगळवेढ्याकडचं, खोल काळ्या मातीचं. इथं मालदांडी ज्वारी उत्तम येते, पण गोफणीत घालायला दगड मिळत नाही. वीतभर उकरा, हातभर उकरा, मातीच. त्यामुळं जुनी माणसं नदीवरून गोटे आणायची किंवा मातीचे गुंडे, म्हणजे गोळे, वळायची. गोटे आणणाऱ्यांनी फेकलेला प्रत्येक गोटा कुणाच्या तरी रानात राहिला. काढणीच्या वेळी विळ्याला लागला, आता मळणीयंत्रात जातो. गोफणीसाठी वस्तू निवडताना "लांब कोण जातं" एवढंच विचारून भागत नाही ते यामुळं. पडल्यावर त्या वस्तूचं काय होतं, हा प्रश्न तितकाच मोठा आहे, आणि मी तर तोच पहिला धरतो.

दुसरी गोष्ट आधीच सांगून ठेवतो. राखणीतली गोफण पाखरं उठवण्यासाठी असते, मारण्यासाठी नाही. राघूंसकट बहुतेक पक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, उडत्या थव्यावर नेम धरून काही साधत नाही. गुंडा थव्याच्या पलीकडं पडावा, आवाज व्हावा आणि थवा उठावा, एवढंच काम.

जागा आणि माणसं

गोफण सोडताना नवख्याचा गुंडा कुठल्याही दिशेला जातो. कुठल्याही म्हणजे मागंसुद्धा. बोट क्षणभर आधी सुटलं की गुंडा डोक्यावरून पाठीमागं, क्षणभर उशिरा सुटलं की डाव्या हाताला. म्हणून "मागं उभे राहा, काही होत नाही" हे इथं लागू नाही. बघणारे सगळे ट्रॉलीच्या किंवा जाड बुंध्याच्या आड हवेत.

मी धरलेलं माप असं: समोर दीडशे मीटर मोकळं, बाकी सगळीकडं शंभर मीटर. त्यात रस्ता नको, गोठा नको, विजेच्या तारा नकोत, सौरपंपाच्या काचा तर नकोतच. ज्वारी काढून झालेलं रान किंवा तळ्याचं कोरडं पात्र सगळ्यात चांगलं. वस्तीत, गच्चीवर, शाळेच्या मैदानात हे करू नये. सत्तावन्न ग्रॅमचा गुंडा ताशी नव्वद किलोमीटरनं कपाळावर बसला तर काय होईल ते क्रिकेट खेळलेल्यांना सांगायला नको. फेकणाऱ्याला चष्मा हवा, मोटारसायकलवर घालतात तसा साधा प्लास्टिकचा चालतो, कारण फुटका गुंडा झोळीतूनच, म्हणजे गोफणीच्या ज्या भागात तो बसवतात तिथूनच, तोंडावर येऊ शकतो. माझ्या तोंडावर आलेला आहे.

मुलं असतील तर त्यांना पहिला महिनाभर फक्त टेनिसचा चेंडू द्या. तो का, ते पुढं येईलच.

गोफण एकच, आणि तीही बदलायची नाही

चाचणी गुंड्याची आहे, गोफणीची नाही. त्यामुळं सगळ्या फेकी एकाच गोफणीतून. माझी अंबाडीच्या दोरीची आहे. दुमडून धरली तर बोटापासून झोळीपर्यंत सत्तर सेंटिमीटर, झोळी बारा सेंटिमीटर लांब आणि मधोमध चिरलेली, म्हणजे दोन पट्ट्यांमध्ये गुंडा पकडला जातो. सुती दोरीही चालते. नायलॉनची दोरी घाम आला की बोटातून निसटते आणि ताणली की लांबते, ती चाचणीसाठी नको. नवी गोफण पहिल्या दिवशी थोडी ताणली जातेच, म्हणून आधी तीस-चाळीस फेकी करून ती मुरवून घ्या आणि मग लांबी मोजा.

एका टोकाचा फास मधल्या बोटात, दुसऱ्या टोकाची गाठ अंगठा आणि तर्जनीत. डोक्याभोवती पाच-सहा वेळा गरगरा फिरवण्याची हौस सगळ्यांना असते. त्याचा उपयोग नाही. वेग येतो तो शेवटच्या एका फेरीत. मी एकच फेरा घेतो आणि सोडतो. चाचणीत प्रत्येक फेक एकाच पद्धतीची हवी, आणि एक फेरा सारखा करणं सहा फेऱ्यांपेक्षा सोपं असतं.

रानात जाण्याआधी कागदावर

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण यानं अर्ध्या वस्तू फेकण्याआधीच बाद होतात.

हवेचा अडथळा वस्तूच्या समोरच्या क्षेत्रफळावर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो. ती वस्तू किती जड आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पण तो अडथळा वस्तूला किती अडवेल हे मात्र वजनावर ठरतं. चार सेंटिमीटर व्यासाचा गोळा सेकंदाला पंचवीस मीटर वेगानं निघाला, तर त्याच्यावर हवेचा रेटा साधारण ०.२२ न्यूटन येतो. हाच गोळा वाळलेल्या मातीचा असेल तर त्याचं वजन सत्तावन्न ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ०.५६ न्यूटन. हवेचा रेटा वजनाच्या चाळीस टक्के. चालण्यासारखं आहे. आता टेबल टेनिसचा चेंडू घ्या. व्यास तोच, बरोबर चाळीस मिलिमीटर. वजन २.७ ग्रॅम. रेटा तोच ०.२२, पण वजनाच्या आठपट! तो सुटतो झोकात आणि पंधरा पावलांवर हवेतच दम टाकतो. पुतण्याला हे आकडे न सांगता फक्त दोन्ही फेकायला लावलं, आणि मग आकडे दाखवले. वहीवरचं गणित आणि रानातली फेक एकच गोष्ट सांगतात हे त्याला तिथं पटलं.

टेनिसच्या चेंडूची गंमत उलटी आहे. त्याचं वजन छप्पन ते साडेएकोणसाठ ग्रॅम, म्हणजे आमच्या मातीच्या गुंड्याइतकंच. पण व्यास साडेसहा सेंटिमीटरच्या वर, समोरचं क्षेत्रफळ गुंड्याच्या पावणेतीनपट, त्यात वर लव. हाताला भार तोच जाणवतो, पण अंतर कमी पडतं आणि पडल्यावर इजा कमी. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली वस्तू मला सापडली नाही. शिवाय उसळून दिसतो, त्यामुळं सापडतो.

जड वस्तूंना दुसरी मर्यादा असते. फिरवताना दोरीवर येणारा ताण वस्तुमान आणि वेगाच्या वर्गानं वाढतो. हात आणि गोफण मिळून सव्वा मीटरची त्रिज्या धरली, तर सत्तावन्न ग्रॅमचा गुंडा पंचवीसच्या वेगाला बोटावर तीन किलोच्या आसपास ओढ देतो. क्रिकेटच्या चेंडूएवढी, म्हणजे एकशे साठ ग्रॅमची वस्तू तोच वेग घेऊ पाहील तर आठ किलोंच्या वर. फासातलं बोट लगेच सांगतं. आणि माणसाच्या दंडात तेवढी ताकद नसते, त्यामुळं वेगच कमी होतो. माझ्या हाताला पन्नास ते ऐंशी ग्रॅम मानवतं. तुमचं वेगळं असेल, पण दोनशेच्या पुढं जाऊ नका. खांदा धरला की महिनाभर सुटत नाही.

फेकी कशा घ्यायच्या

सकाळी लवकर, वारा पडलेला असताना. हिवाळ्यात नऊ-साडेनऊपर्यंत बरं असतं, नंतर वारा सुटतो. एक पातळ सुती पट्टी काठीला बांधून ठेवा. ती हलायला लागली की त्या दिवसापुरतं थांबा.

स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन प्रत्येक वस्तू तोलायची आणि वहीत लिहायची. मातीचे गुंडे असतील तर त्यांना चुन्याचा किंवा गेरूचा हात द्यायचा. गुंडा पडून फुटला तरी काळ्या मातीवर पांढरा किंवा तांबडा शिंतोडा दिसतो, आणि कुठला गुंडा कुठं पडला ते कळतं. सुरुवातीला आम्ही हे केलं नव्हतं. काळ्या रानात काळ्या मातीचा फुटका गुंडा शोधत अख्खी सकाळ घालवली.

त्यानंतर एक शिस्त पाळायची, आणि यात हयगय नको: दोन वस्तूंची तुलना करताना दहा फेकी एकीच्या आणि मग दहा दुसरीच्या, असं करू नका. दहाव्या फेकीपर्यंत हात गरम होतो आणि पंचविसाव्यापर्यंत थकतो. जी वस्तू मधे आली ती जिंकते. एक हिची, एक तिची, असं आलटून पालटून फेका. पहिल्या पाच फेकी मोजायच्याच नाहीत.

चुकलेल्या फेकीही वहीत गेल्या पाहिजेत. "ही धरायची नाही, हात घसरला" असं म्हणण्याचा मोह होतो. पण कांदा झोळीतून वारंवार घसरत असेल तर ते कांद्याचंच लक्षण आहे ना? दहा फेकींतली सगळ्यात लांबची सांगून मिरवू नये. अंतरं लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा आणि मधली बघा. तिच्या शेजारी डावी-उजवीकडची पसरण लिहा. राखणीला पसरणच जास्त कामाची असते. सत्तर मीटर जाणारा पण वीस मीटर डावी-उजवीकडं भरकटणारा गुंडा शेजाऱ्याच्या पत्र्यावर जातो. आमचा गेला होता. तो नदीतला गोटा होता, मोठा आवाज झाला, आणि संध्याकाळी चहाबरोबर बरंच ऐकून घ्यावं लागलं.

वेग मोजायचा असेल तर यंत्र लागत नाही. मोबाइलच्या घड्याळावर सुटल्यापासून पडेपर्यंतचा वेळ घ्या आणि अंतर टेपनं किंवा पावलांनी. समजा साठ मीटर, तीन सेकंद. आडवा वेग झाला साठ भागिले तीन, म्हणजे वीस. उभा वेग काढायला वेळेचा निम्मा घ्या आणि ९.८ नं गुणा: दीड गुणिले ९.८, म्हणजे १४.७. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: पंचवीसच्या जवळ. ताशी नव्वद किलोमीटर. हवेचा अडथळा यात धरलेला नाही, त्यामुळं सुटतानाचा खरा वेग याहून थोडा जास्त असतो, पण दोन वस्तू ताडून बघायला हे पुरतं.

मोबाइलमध्ये सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं घेणारी संथ चित्रफीत असेल तर आणखी नेमकं होतं. फेकीच्या रेषेतच एकमेकींपासून तीन मीटरवर दोन काठ्या रोवा, मोबाइल बाजूला लांब, तिकाटण्यावर ठेवून निघून या. गुंडा पहिल्या काठीपासून दुसरीपर्यंत किती चित्रांत जातो ते मोजा. सातशे वीसला त्या आकड्यानं भागलं की वेग. एकोणतीस चित्रं आली तर पंचवीसच्या आसपास. मोबाइल धरून कुणाला उभं करू नका.

आम्ही काय काय फेकलं

नदीतला गोटा सगळ्यात लांब जातो, यात वाद नाही. माती आणि गोटा एकाच वजनाचे घेतले तर गोटा लहान, हवा कमी अडवते. पण दोन गोटे सारखे कधीच नसतात, त्यामुळं पसरण मोठी. आणि तो फुटत नाही. पहिल्याच आठवड्यात यादीतून काढला.

कांद्यावर आम्ही फार वेळ दिला, कारण प्रश्नच तिथून निघाला होता. साडेचार सेंटिमीटरची गोलटी पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरते. वरची सुटी साल काढली, मान आणि मुळ्या छाटल्या की कांदा पन्नास मीटरच्या आत-बाहेर नीट जातो. न सोलता टाकला तर साल हवेत पंखासारखी उघडते आणि तो कुठंही वळतो. म्हणजे पहिल्या दिवशीचा दोष माझ्या हाताचा नव्हता, हे दोन महिन्यांनी सिद्ध झालं! बाजारात भाव नसेल तर कांदा फेकायलाही वाईट वाटत नाही, हा आमच्याकडचा कडू विनोद. पण पडलेला कांदा तिथं कुजतो किंवा रुजतो, म्हणून रोजच्या वापराला नाही.

बटाटा लांबट असला की झोळीत दर वेळी वेगळा बसतो. लिंबू आकारानं छान, पण फिरताना दोरीचा दाब आला की फुटतं आणि रस डोळ्यात. आवळा बरा निघाला, कठीण आणि जवळजवळ गोल, फक्त हलका. कवठ जड, मोठं, आणि पडल्यावर वास सुटतो म्हणून पोरांचं आवडतं. पण बहुतेक कवठं माझ्या दोनशे ग्रॅमच्या रेषेपलीकडं जातात. सागरगोटे एकेकटे फेकले तर काहीच जात नाहीत, वजनच नाही. चार-पाच एकदम टाकले तर सळसळत पसरतात, आणि थवा उठवायला ते वाईट नाही. आजीनं तिचे सागरगोटे परत मागितले तेव्हा तीन कमी भरले.

पाण्याचा फुगा झोळीतच फुटला, तिन्ही वेळा. वाळू भरलेला मोजा फेकताना शेपटीसारखा फडफडतो, त्यामुळं अंतर कमी पण दिशा सरळ. तो उचलून पुन्हा वापरता येतो, घरच्या घरी झोळीत वस्तू बसवण्याचा सराव करायला चांगला. वाळलेल्या शेणाचा गोळा हलका पडतो. मक्याचा बुरखुंडा गरगर फिरत दहा हातांवर पडतो आणि सगळे हसतात, तेवढाच उपयोग.

काच, लोखंडी नट-बोल्ट, बेअरिंगच्या गोळ्या, बॅटरीचे सेल हे आम्ही मुद्दाम हातात घेतलं नाही. रानात राहून बैलाच्या खुरात, नाही तर माणसाच्या पायात जाणारं काहीही गोफणीत घालायचं नाही.

मातीचा गुंडा: कृती

इतकं सगळं फेकून झाल्यावर आम्ही जुन्या माणसांच्या मातीच्या गुंड्यावर परत आलो. फरक एवढाच की आता तो का चांगला ते आकड्यांत सांगता येतं.

नुसत्या काळ्या मातीचा गुंडा वाळताना तडकतो. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला पडतात त्याच भेगा लहान रूपात गुंड्याला पडतात. म्हणून दोन भाग काळी माती, एक भाग बारीक वाळू किंवा पोयटा, मूठभर शेण आणि चिमूटभर भुसा. शेणामुळं आणि भुशामुळं तडा लांबत जात नाही. कणकेपेक्षा घट्ट मळा, झाकून एक रात्र मुरू द्या.

सारख्या आकारासाठी आम्ही लहान मुलीची बांगडी वापरतो, आतून साडेचार सेंटिमीटरची. वळलेला गोळा तिच्यातून जेमतेम गेला की माप बरोबर. वाळून तो चारवर येतो. दोन दिवस सावलीत, रोज फिरवत, मग एक दिवस उन्हात. पहिल्याच दिवशी उन्हात टाकले तर बाहेरून वाळतात, आतून ओले राहतात आणि उकलतात. भाजायचे नाहीत. भाजलेला गुंडा म्हणजे पुन्हा दगडच.

तयार गुंडा कमरेइतक्या उंचीवरून टणक जमिनीवर टाका. शाबूत राहिला पाहिजे, नाही तर झोळीतच भुगा होईल. मग एक बांधावरच्या खडकाळ जागी लांबून फेकून बघा. तिथं फुटला पाहिजे. पहिल्या कसोटीत फुटला तर शेण-भुसा वाढवा, दुसऱ्या कसोटीत नाही फुटला तर वाळू. तीन घाण्यांत आमचं प्रमाण बसलं. अशा गुंड्याची मधली फेक सत्तावन्न मीटर आली आणि डावी-उजवीकडची पसरण गोट्याच्या निम्म्याहून कमी, कारण प्रत्येक गुंडा दोन-तीन ग्रॅमच्या फरकात सारखा. पाण्याची पाळी दिली की फुटके तुकडे विरघळून रानात मिसळतात.

मातीचे गुंडे फार जुने आहेत. ईशान्य सीरियातल्या हामूकार इथं इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमाराला झालेल्या लढाईच्या जागी मातीचे हजारावर लांबट गुंडे सापडले. त्यातला एक भिंतीवर आदळून चपटा झालेला आहे, म्हणजे तो ओला असतानाच फेकला गेला होता. वाळायची वाट बघायला वेळ नव्हता. आम्ही ओला फेकून पाहिला. झोळीला चिकटतो, अर्धा तिथंच राहतो. त्या लोकांची घाई समजू शकते, पण सल्ला म्हणून घेऊ नका.

त्यांचे गुंडे लांबट होते, आणि नंतर ग्रीक-रोमन सैनिकांचे शिशाचेही बदामासारखे. त्यातल्या काहींवर मजकूर ओतलेला असे. अथेन्सच्या एका शिशाच्या गुंड्यावर "देक्साई", म्हणजे "घे!" असं लिहिलेलं आहे. मग आम्ही मातीचे बदामी गुंडे केले. काही फेकी गोल गुंड्याहून सरस, काही फारच वाईट. झोळीत तो आडवा नीट बसला तरच जमतो, आणि ते माझ्या हाताला दहात चारदा जमलं. ज्याचा हात बसलेला आहे त्यानं करून बघावं. राखणीला गोलच.

शीळ घालणारा गुंडा

ही कल्पना स्कॉटलंडमधली. बर्न्सवार्क नावाच्या टेकडीवर रोमन काळातले शिशाचे गुंडे सापडले. त्यातल्या लहानांपैकी काहींना पाच मिलिमीटरचं भोक पाडलेलं होतं. तसे नवे करून फेकल्यावर ते हवेत गुणगुणतात असं दिसून आलं. शत्रूला घाबरवायला ते असावेत, असा अंदाज आहे. मला पाखरांना घाबरवायचं होतं, म्हणजे काम जवळचंच!

गुंडा अर्धवट ओला असताना पेन्सिलीच्या मागच्या टोकानं एक भोक पाडायचं, आरपार नाही, पाच-सहा मिलिमीटर खोल. कडा धारदार राहिली पाहिजे, म्हणून वाळल्यावर ब्लेडनं साफ करायची. आमच्या बारांपैकी पाच वाजले, सात मुके गेले. वाजणाऱ्यांत फरक कडेचा होता असं मला वाटतं, पण पाचांवरून ठाम बोलू नये. जे वाजले त्यांचा आवाज गांधीलमाशीसारखा. होल्यांनी ढुंकून पाहिलं नाही, राघू मात्र उठले. तीनच सकाळी बघितलं आहे. पुढच्या हंगामात जास्त करू.

खरं सांगायचं तर पाखरं उठतात ती गोफणीच्या मोकळ्या टोकाच्या फटक्यानं आणि आरोळीनं. टोकाला सुटे धागे ठेवले की सोडताना चाबकासारखा आवाज येतो. गुंडा नसतानाही येतो. वस्ती जवळ असलेल्या रानात मी गुंडा घालतच नाही.

बीजगोळे

जूनमध्ये पुतण्याच्या शाळेनं बीजगोळे करायला सांगितले आणि गोफणीला पावसाळी काम मिळालं. जपानी शेतकरी मासानोबू फुकुओका यांनी हे गोळे जगभर पोहोचवले. बियांवर चिकणमातीचं कवच असलं की मुंग्या, उंदीर, पाखरं यांच्यापासून बी वाचतं आणि पावसानं कवच मऊ होऊन ते रुजतं. प्रमाण ढोबळ धरा: पाच भाग चिकणमाती, तीन भाग चाळलेलं कुजलेलं खत, एक भाग बी. बी कोरडंच घ्या. भिजवून घेतलं तर गोळा वाळता वाळता आतच कोंब फुटून मरतो. बहाव्याची बी मात्र टणक असते, ती दगडावर हलकी घासून घ्यावी.

गोळा अडीच सेंटिमीटरचा पुरे, वजन चौदा ग्रॅमच्या आसपास. एकटा फेकायला हलका. सागरगोट्यांची युक्ती इथं कामी आली: तीन किंवा चार एकदम झोळीत. ते तीस-पस्तीस मीटरवर आपोआप पसरून पडतात, आणि झाडं एकमेकांच्या अंगावर नसावीत म्हणून ते बरंच. हा गोळा आपटून फुटता कामा नये, पावसानं विरघळला पाहिजे. म्हणून वाळू घालायची नाही.

कुठं फेकायचे ते मात्र विचारून. मोकळं माळरान दिसलं की झाडं लावायची ही सवय वाईट आहे. आमच्याच जिल्ह्यातलं नान्नज माळढोकासाठी राखलेलं आहे. लांडगा, धाविक पक्षी, चंडोल यांना गवताळ माळच लागतो, तिथं झाडांची गर्दी झाली तर त्यांचं घर जातं. आम्ही ओढ्याच्या दोन्ही काठांना, जिथं पूर्वी करंज होते आणि तोडले गेले, तिथंच करंज आणि बहावा फेकला. चढ निसरडा आणि बाभळीचे काटे, उतरून लावणं जमलं नसतं. बांधावर मात्र हातानंच टोचलं.

फेकल्यानंतर पंधरा दिवसांनी, मग पोळ्याच्या सुमाराला, पुन्हा जाऊन मोजायचं. वहीत त्यासाठी दोन रकाने कोरे ठेवा. आमच्या साठ गोळ्यांपैकी पोळ्याला नऊ रोपं दिसली, त्यात सात करंज. दिवाळीला सहा राहिली, एक बकरीनं आमच्यासमोरच खाल्लं.